निवडलेला मका

३ ऑक्टोबर

भिंगरे,

या पत्राबरोबर एक पिशवी येतेय. ती उघडण्याआधी खुर्चीवर नीट बस, नाहीतर आनंदाने पडशील आणि तुझी आई मला बोल लावेल. पिशवीत मका आहे. माझा. माझ्या शेतातला, मी पेरलेला, मी राखलेला, पोपटांशी आणि शेजाऱ्याच्या बकरीशी मी स्वतः भांडून वाचवलेला.

तुला सगळं माहीत नाही म्हणून सांगते. उन्हाळ्यात तुझा दादा, म्हणजे माझे एकुलते एक साहेब, चार दिवस राहायला आले होते. जाताना पायात बूट घालता घालता हुकूम सोडला. म्हणाले, आई, विकतचा खुराक घालून पाच गाई पाळणं हा शुद्ध वेडेपणा आहे, तुझं वय झालं, कंबर दुखते, आता गाई विकायच्या आणि माझ्याकडे यायचं. चौथ्या मजल्यावर! मी तिथे दिवसभर काय करू? खिडकीतून खाली बघू? आयुष्यभर मी माझ्या हाताने दूध काढून आळीला घातलं, माझ्या जिवावर जगले. ते सोडून कुणाच्या सोफ्यावर पाहुण्यासारखी बसणं मला मेल्याहून मेल्यासारखं होईल, हे तुला वेगळं सांगायला नको.

मग आमची शर्त लागली. मागच्या पडीक शेतात मका लावायचा. त्या मक्यावर पाचही गाईंचा पुढच्या पिकापर्यंतचा खुराक निघाला तर मी इथेच राहणार आणि साहेब पुन्हा तोंड उघडणार नाहीत. नाही निघाला तर गाई विकायच्या आणि मी पेटी भरायची. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. तोही म्हणाला, बरं.

आता ढीग बघशील तर थक्क होशील. कापणीच्या वेळी आभाळ गळत होतं, पण सगळा मका मी मागच्या खोलीत नेऊन टाकला, दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या, एक थेंब आत येऊ दिला नाही. पुरून उरेल एवढा आहे. फक्त साहेबांनी शर्तीला शेवटी एक शेपूट जोडलं होतं. मक्याला बुरशी लागते, तिचं विष गाईच्या दुधात उतरतं, असं त्याने कुठेतरी वाचलंय. तेव्हा गाईंना घालायच्या आधी मका तुझ्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा. घे बाई, तपास. आणि तुझ्या त्या यंत्रांना सांग की जरा आदराने वागा.

तुझी मावशी

---

९ ऑक्टोबर

मावशी,

आधी नमस्कार, मग बातमी, मग उरलेलं सगळं.

बातमी अशी की तुझा मका पास झाला. नुसता पास नाही, पहिला आला. आम्ही रोज गोदामांतून आलेलं धान्य तपासतो. त्यात खडे असतात, किडे असतात, एकदा कुणाच्या शर्टाचं बटण होतं. तुझी पिशवी टेबलावर ओतली तेव्हा आमच्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, चष्मा कपाळावर सारून बघतच राहिल्या. म्हणाल्या, हा दळायचा कसा, याची माळ करून गळ्यात घालावी. पण दळला. पीठ करून, औषधात मिसळून, पट्टीवर थेंब टाकून वाट बघितली. बुरशीच्या विषाचं, त्याला आम्ही अफ्लाटॉक्सिन म्हणतो, नावसुद्धा नाही. मी खुर्चीवर बसूनच आनंद केला, त्यामुळे पडले नाही.

मावशी, खरं सांगू? मला फार बरं वाटलं. दादा दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतो आणि मका काय म्हणतो असं विचारतो, तेव्हा मला त्याचा राग येतो. कसाई गाईकडे बघतो तसा चेहरा करून विचारतो. म्हटलं बरं झालं, आता त्याला गप्प बसावं लागेल. तू तिकडेच राहा आणि सुट्टीत मला ताजं दूध पाजत जा.

एक बारीकसं काम आहे. बाईंनी विचारलं, ढिगातून मका कसा काढला होता? मी म्हटलं माझी मावशी सगळं नीटच करते. तरी एका ओळीत कळव.

तुझी भिंगरी

---

१३ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि एकदा गाईंनाही वाचून दाखवलं. थोरलीने कान हलवले. बाकीच्यांना शिक्षणाची गोडी नाही.

पत्र आलं त्याच संध्याकाळी भरडा काढला आणि गोठ्यात घातला. चौघी तुटून पडल्या. फक्त महाराणीने नाक मुरडलं. तिचं ते नेहमीचंच. पाणीसुद्धा बादली बदलली की पीत नाही. दोन दिवस गवतावर ठेवलं की येईल ताळ्यावर. आळीत सगळ्यांना सांगून आले की आता माझ्या गाई घरचा, तपासलेला मका खातात. शिंपी म्हणाला, मग दूध आता जास्त गोड लागेल. जुळ्यांची आई म्हणाली, पोरांना वरचं दूध नुकतंच सुरू केलंय, तुमचंच घालते. मला इतकं छान वाटलं की घरी येऊन मी एकटीच हसत बसले.

आता तुझ्या बाईंना सांग, मका कसा काढला ते. अगं, काढायचा कसा? निवडून काढला. तीन दुपारी मांडीवर ताट घेऊन बसले होते. भरलेली कणसं तेवढी बाजूला केली, दोन्ही टोकं मोडून टाकली, मधले दाणे सोडवले, मग एकेक दाणा बघून घेतला. फुटका, काळा, बारका एकही ठेवला नाही. भाचीच्या हातात जायचं, तिच्या वरिष्ठांसमोर उघडायचं, तिथे माझी अब्रू जायला नको. माझ्या हातचं न निवडलेलं धान्य आजवर कुणाच्या घरी गेलेलं नाही.

खोलीतल्या भिंतीकडच्या काही कणसांवर हिरवट-पिवळी भुकटी होती, ती मी ओल्या फडक्याने पुसून घेतली. आता छान दिसतायत. साहेबांना कळव, मावशी जिंकली म्हणून.

तुझी मावशी

---

१५ ऑक्टोबर

मावशी,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतेय. तुझ्या बाजूच्या दुकानातला फोन सकाळपासून लागत नाहीये. हे वाचशील तेव्हा हातातलं काम ठेव आणि आधी गोठ्यात जा. मका बंद कर. कोणत्याही गाईला एक मूठसुद्धा घालू नकोस. दूध काढ, पण आळीत देऊ नकोस आणि तूही पिऊ नकोस.

तुझा मका वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगला आहे असंही आता म्हणता येत नाही. मी जो तपासला तो तुझा मका नव्हताच, मावशी. ती तुझी माया होती. बुरशी सगळ्या ढिगाला सारखी लागत नाही. कुठे अळीने पोखरलेलं कणीस, कुठे ओलसर कोपरा, तिथेच ती बसते. एखादा दाणा विषाने भरलेला असतो आणि शेजारचा अगदी स्वच्छ. म्हणून नमुना काढताना वाईट-चांगलं बघायचंच नसतं, येईल तसं उचलायचं असतं. तू नेमकं जे तपासायला हवं होतं तेच काढून टाकलंस आणि मी तुला पहिला नंबर दिला.

आणि ती हिरवट-पिवळी भुकटी म्हणजेच बुरशी. ती पुसली तरी विष दाण्यात राहतं. उकळलं, भाजलं तरी जात नाही. गाईने खाल्लं की दुसऱ्या दिवशी दुधात येतं. घाबरू नकोस, चार-दोन दिवसांत कुणाला काही होत नाही. पण रोज पोटात गेलं तर यकृताला वाईट, आणि लहान मुलांना तर फारच वाईट.

आता असं कर. नाका-तोंडाला फडकं बांध. ढिगाच्या वरून, मधून, खालून, चारही कोपऱ्यांतून, भिंतीलगतून कणसं काढ. डोळे मिटून काढ, म्हणजे निवडायचा मोह होणार नाही. सगळी सोलून दाणे एकत्र कालव आणि त्यातले पिशवीभर पाठव. दुधाची एक बाटली बर्फात घालून पाठव. ड्रायव्हर परत येताना घेऊन येईल, मी त्याला चहाचं कबूल केलंय.

चूक माझी आहे. कसा काढला हे मी आधी विचारायला हवं होतं, पास म्हणून सांगितल्यावर नाही. माझ्या शब्दावर तू गाईंना मका घातलास.

भिंगरी

---

१६ ऑक्टोबर

भाचीबाईंस,

तुमचा खलिता मिळाला. ड्रायव्हरने दारासमोर बस उभी करून एवढा भोंगा वाजवला की आळीला वाटलं माझ्याकडे कुणी गेलं. तिघी जणी डोळे पुसतच आल्या. त्यांना चहा करून पाठवलं.

सांगितलंत तसं केलंय. डोळे मिटून केलंय. माझ्या घरात, माझ्या मक्यासमोर, तोंड बांधून, चोरासारखं. या वयात धान्य कसं द्यावं हे भाचीकडून शिकावं लागेल असं वाटलं नव्हतं. पिशवी आणि बाटली सोबत आहे.

एवढं लिहून मी पत्र बंद करणार होते. पण तुझ्यावर रुसून मला दोन घटकासुद्धा राहवत नाही, हे तुला माहीत आहे आणि तू त्याचा फायदा घेतेस.

खरं सांगते. भिंतीजवळ कोपरापर्यंत हात घातला तेव्हा ढीग आतून गरम लागला. एखाद्या तापलेल्या पोराच्या अंगाला हात लावावा तसा. आणि वास आला, बंद पेटीचा असतो तसला. मी हात काढून तिथेच खाली बसले. दारं-खिडक्या मीच लावून घेतल्या होत्या ना, थेंब आत येऊ नये म्हणून. आतली ओल बाहेर जायला वाट ठेवली नाही, हे डोक्यातच आलं नाही.

मला भीती वाटते, भिंगरे. गाईंची वाटते, त्या जुळ्यांची वाटते आणि चौथ्या मजल्याची पण वाटते. कुणाची जास्त ते विचारू नकोस.

एक मागणं आहे. जो काय निकाल असेल तो दादाला सांगू नकोस. हरायचंच असेल तर मी माझ्या तोंडाने हरेन.

मावशी

---

१९ ऑक्टोबर

माझी लाडकी मावशी,

वाईट आधी सांगते. मका नापास. ठरलेल्या मर्यादेच्या तिप्पट विष आहे. दुधातही उतरलंय, थोडंच, पण मर्यादेच्या वर. मका बंद केल्यावर काही दिवसांत दूध आपोआप स्वच्छ होतं, त्यामुळे गाईंची काळजी करू नकोस. पुढच्या आठवड्यात पुन्हा एक बाटली पाठव. तोवर दूध खड्ड्यात ओत आणि महाराणीची माफी माग. तिचं नाक आमच्या यंत्रापेक्षा लवकर चाललं.

दादाला मी सांगितलं नाही, पण त्यासाठी मला काय सोसावं लागलं ते ऐक. रविवारी जेवताना त्याने विचारलंच. माझ्या तोंडून निघून गेलं की आमचं यंत्र बिघडलंय. मी विसरले की हा माणूस लिफ्ट दुरुस्त करून पोट भरतो. सोमवारी सकाळी साहेब हत्यारांची पेटी घेऊन प्रयोगशाळेच्या दारात हजर. म्हणाला, दाखव, बघतो. बाईंनी त्याला कसंबसं परत पाठवलं आणि नंतर मला अर्धा तास ऐकवलं. एवढी काय घाई आहे त्याला तुझ्या गाई विकायची? मला त्याचा खरंच कंटाळा आलाय.

आता चांगलं ऐक. काल मी दोन्ही निकाल समोर ठेवून बसले होते. तोच ढीग, तीच खोली. तू निवडलेल्यात विष शून्य, न निवडलेल्यात तिप्पट. मी बाईंना म्हटलं, बाई, म्हणजे मावशीने जे फेकलं त्यातच सगळं विष होतं की. बाई म्हणाल्या, नेहमी असं होईलच असं नाही, दिसायला स्वच्छ दाण्यातही कधीकधी असतं, पण हाताने निवडल्यावर विष बरंच कमी होतं हे खरं. मग करू दे त्यांना, फक्त तपासल्याशिवाय एक दाणाही घालायचा नाही.

तेव्हा मावशी, निवड. सगळा ढीग निवड. भिंतीलगतचा, गरम झालेला आणि वास येणारा भाग बघायचाही नाही, सरळ बाहेर. उरलेला उन्हात खडखडीत वाळव. मग अळीने खाल्लेलं, फुटकं, सुरकुतलेलं, रंग बदललेलं सगळं काढ. कणसाची टोकं मोड. फडकं बांधल्याशिवाय बसू नकोस. काढलेलं कोंबड्यांनाही घालायचं नाही, खोल पुरायचं. आणि खोलीच्या खिडक्या उघड गं बाई.

ढीग फार मोठा आहे, मला कळतं. मला रजा मिळत नाहीये. कुणाला तरी मदतीला घे. एकटीने करायचा हट्ट धरू नकोस.

भिंगरी

---

२७ ऑक्टोबर

भिंगरे,

हात दुखतायत म्हणून अक्षर असं आलंय.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी आळीत घरोघर गेले. दुधाचं भांडं न घेता गेले. सगळ्यांना सांगितलं की माझ्या मक्यात विष निघालं, ते दुधात उतरलं, आणि मी मोठ्या तोऱ्यात तपासलेलं म्हणून तुम्हाला पाजलं. शिंपी म्हणाला, एवढी वर्षं प्यायलो, चार दिवसांनी काय होतंय, द्या तुम्ही. मी म्हटलं, देणार नाही. तो म्हणाला, मग मी दुसरीकडून आणणार नाही, चहा कोराच पिईन. त्याचा कोरा चहा पिताना चेहरा बघितलास तर तुला दया येईल. दोन घरांनी सरळ दुसरा गवळी लावला. त्यांचं काही चुकलं नाही.

जुळ्यांच्या आईकडे सगळ्यात शेवटी गेले. ती ऐकून पांढरी पडली. मग म्हणाली, पोरांनी दोनच दिवस घेतलं, तिसऱ्या दिवशी दोघंही तोंड फिरवायला लागली म्हणून मी बंदच केलं होतं. मी तिच्या उंबऱ्यावर बसून रडले. तिने मला पाणी दिलं आणि एक पोरगं मांडीवर ठेवलं. त्याने माझ्या पदरावर सगळं ओलं केलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

दूध रोज सकाळ-संध्याकाळ शेतातल्या खड्ड्यात ओतते. ते ओतताना मी दुसरीकडे बघते.

मग साहेबांना दोन ओळी लिहिल्या. मका नापास झाला, मी निवडून बघतेय, पुरेल असं वाटत नाही, गाईंसाठी गिऱ्हाईक बघायला हरकत नाही. मला वाटलं, आता व्यापाऱ्याला बरोबर घेऊनच येईल. तर पत्र मिळालं त्याच रात्रीच्या बसने एकटाच आला. खांद्यावर बॅग, हातात ती पेटी. मी म्हटलं, यंत्र इथे नाहीये. त्याला तुझ्याकडची गंमत आठवली आणि तो चक्क हसला. तू त्याला खोटं सांगितलंस हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं म्हणे. बिघडलेल्या यंत्राबद्दल कुणी एवढ्या गोड आवाजात बोलत नाही.

ढीग बघितल्या बघितल्या त्याने बाह्या सारल्या, तोंड बांधलं आणि भिंतीकडचं सगळं पाट्या भरभरून बाहेर काढलं. खड्डा त्यानेच खणला. तेव्हापासून आम्ही अंगणात बसून निवडतोय. शिंपी दुपारी दुकान बंद करून येतो. त्याचे हात भरभर चालतात, पण बोलणं त्याहून भरभर. जुळ्यांची आई पोरं झोपली की येते. सगळ्यांची तोंडं बांधलेली, त्यामुळे कोण काय बोललं ते अर्धं कळत नाही आणि भांडणं होत नाहीत.

साहेबांना निवडायला येत नाही. चांगला दाणा फेकतो आणि किडका ठेवतो. पहिल्या दिवशी त्याचं ताट मला पुन्हा निवडावं लागलं. मी ओरडले, तर म्हणाला, शिकव ना मग. लहानपणी एवढं ऐकलं असतं तर.

चांगल्या मक्याचा ढीग वाढतोय. पण वाईटाचा त्याहून जास्त वाढतोय. मी मोजत नाही, तोही मोजत नाही. आम्ही दोघं मुद्दाम वेगवेगळ्या दिशेला बघून बसतो.

निवडलेला मका पाठवतेय. ढिगातून तुझ्या पद्धतीने काढलाय, डोळे मिटून, कोपऱ्या-कोपऱ्यातून. माझे डोळे दादाने झाकले, हात मी घातला. दुधाची बाटलीही आहे.

मावशी

---

२ नोव्हेंबर

मावशी,

पास. या वेळी खराखुरा पास. मी स्वतः तीनदा केलं, मग बाईंनी माझ्यावर विश्वास न ठेवता एकदा केलं. मक्यात विष मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. दूध तर एकदम स्वच्छ. गाईंना मका घाल, आळीत दूध घाल, शिंप्याला आधी घाल.

बाईंनी तुझ्यासाठी निरोप दिलाय, की त्यांना आयुष्यात एकदा तुझ्या शेजारी बसून निवडायचंय. मी सांगितलं, मावशी बोलते फार. त्या म्हणाल्या, तू कोणावर गेलीस ते कळलं.

मका पुरेल की नाही ते तूच बघ, ते माझ्या पट्टीवर दिसत नाही. मी काय म्हणू? पुरला तर मी इथे नाचेन. नाही पुरला तर तू माझ्याच शहरात येशील, तेव्हाही मला नाचावंसं वाटेल आणि त्याची मला लाज वाटेल. तू तिथे गाईंशिवाय कशी दिसशील याचा विचारसुद्धा करवत नाही.

गेल्या रविवारी सवयीने दादाचं ताट मांडलं, मग लक्षात आलं की तो तिकडे आहे. इतकी वर्षं तो जेवून जायचा आणि मला वाटायचं, ब्याद गेली. त्या दिवशी एकटीला जेवण गेलं नाही. त्याला हे सांगू नकोस, चढून बसेल. तो काय म्हणतो ते मात्र लगेच कळव. व्यापारी बघितला का त्याने?

भिंगरी

---

६ नोव्हेंबर

भिंगरे,

सगळं सांगते, पण माझ्या क्रमाने.

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही शेवटचं ताट निवडत होतो. मी मोठ्याने वाचलं. शिंप्याने तोंडावरचं फडकं काढून हवेत उडवलं, ते जाऊन महाराणीच्या शिंगाला अडकलं. संध्याकाळी भरडा घातला. पाचही जणींनी खाल्ला. महाराणीने आधी बराच वेळ हुंगून घेतलं, मग सगळ्यांआधी संपवलं. सकाळी दूध घेऊन घरोघर गेले. शिंपी दारातच उभा होता, पातेलं हातात घेऊन. सोडून गेलेल्या दोन घरांतलं एक परत आलं. दुसऱ्याला नवा गवळी आवडतोय, आवडू दे.

मग दुपारी मी मका मापला. पाच गाईंना तो पुरत नाही, भिंगरे. कसाही ओढला तरी अर्ध्या वर्षाच्या पुढे जात नाही. दोनदा मापला. तिसऱ्यांदा मापायला घेतला आणि मलाच माझा राग आला. शर्त म्हणजे शर्त.

साहेब गोठ्याचं दार दुरुस्त करत होते. ते दार त्याचे वडील होते तेव्हापासून वाकडं आहे, मला त्याची सवय झालीय. मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं की मका पुरत नाही, मी हरले, व्यापाऱ्याला बोलव, पण महाराणीला चांगल्या घरी दे, तिला बादली बदललेली चालत नाही. माझा आवाज अजिबात हलला नाही. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

तो स्क्रू फिरवतच राहिला. म्हणाला, कसला व्यापारी? मी म्हटलं, गाई विकायच्या ना. तर म्हणाला, तू लिहिलंस म्हणून मी ऐकलं, मी कुणाला विचारलेलं नाही. मग पेटी बंद करून त्याच पेटीवर बसला. तुला माहीत आहे, त्याला बोलायला सांगणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं.

मग जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते.

"आई, मला वाटायचं तुला तिकडे न्यायचंय. संध्याकाळी कुलूप उघडून आत गेलं की घरात कुणी नसतं, म्हणून तू हवी होतीस. तसं सांगता येईना, म्हणून तुझं वय काढलं, खुराक काढला, शर्त लावली. एवढे दिवस तुझ्यासमोर ताट घेऊन बसलो तेव्हा कळलं की तुला न्यायचं नाहीये. मलाच यायचंय."

मग पुढे म्हणाला की नाक्यावरच्या पंपाच्या कारखान्यात तो कालच विचारून आला, त्यांना माणूस हवाय. निम्म्या वर्षाचा खुराक तो आपल्या पगारातून घेईल, पुढच्या वर्षी दोघं मिळून मका लावू आणि या वेळी खिडक्या उघड्या ठेवू. मग एकदम खाली बघून म्हणाला, "पण चाळिशी उलटलेल्या माणसाने आईला मी परत राहायला येतो, असं सांगायचं तरी कसं?"

मी म्हटलं, "आत्ता सांगितलंस तसं."

मग मी रडले. तोही रडला. तुझ्याजवळ काय लपवायचं? गाई आमच्याकडे बघत उभ्या होत्या, कारण धारांची वेळ कधीच होऊन गेली होती. मी बादली उचलली, दुसरी त्याच्या हातात दिली आणि आम्ही दोघं धारा काढायला बसलो.

तुझी मावशी